थकलेल्या ट्रॅक्टरची निगा

मृगाचा पाऊस पडून काळ्या जमिनीला वाफसा आला, म्हणजे पेरणीसाठी शेतकऱ्याच्या हाती फार दिवस उरत नाहीत. चार दिवसांत पुन्हा पाऊस लागला तर चिखलात यंत्र घालता येत नाही. न लागला तर ओल उडून जाते. नेमक्या अशा वेळी वीस-बावीस वर्षे राबलेला ट्रॅक्टर बांधावर उभा राहतो. तालुक्याचा मिस्त्री दुसऱ्या कोणाच्या ट्रॅक्टरखाली निजलेला असतो, हवा तो सुटा भाग दुकानात नसतो, आणि भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी आधीच दहा जणांनी नंबर लावलेले असतात. दुरुस्तीचा खर्च एकदाच व ठरावीक होतो. हुकलेल्या वाफशाची किंमत मात्र साऱ्या हंगामाच्या उत्पन्नातून मोजावी लागते. म्हणून जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्याने त्याची निगा चैत्र-वैशाखात, यंत्राला उसंत असतानाच घेतली पाहिजे.

भारतात ट्रॅक्टर तयार होऊ लागले ते १९५९ पासून. त्या वर्षी फरिदाबाद येथे आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. पुढे मद्रासकडे टॅफेने मॅसी फर्ग्युसनच्या नमुन्यावर, १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या नमुन्यावर आणि हरियाणातील पिंजोर येथे एच.एम.टी.ने १९७१ पासून झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या नमुन्यावर ट्रॅक्टर बांधले. या घराण्यांतील यंत्रे आणि त्यांची पुढची भावंडे आजही अनेक गावांत कामावर आहेत. त्यांची बांधणी साधी आहे. डिझेल पंप दातऱ्यांवर चालतो, गाळण्या हाताने उघडतात आणि पान्यांचा एक संच असला की निम्मे काम शेतावर करता येते. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले व त्यांच्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे आली. त्यांची निगा हा वेगळा विषय आहे. येथील विवेचन साध्या पंपाच्या जुन्या इंजिनांपुरते समजावे.

ट्रॅक्टरचे वय वर्षांत मोजू नये, तासांत मोजावे. दहा वर्षांत दोन हजार तास चाललेला ट्रॅक्टर तरुण असतो. ऊसवाहतुकीत किंवा विटभट्टीवर पाच वर्षांत आठ हजार तास चाललेला म्हातारा. जुन्या ट्रॅक्टरचा तासांचा मीटर बहुधा बंद पडलेला असतो आणि तो दुरुस्त करावा असे कोणालाच वाटत नाही, कारण त्यावाचून ट्रॅक्टर चालतो. तथापि वंगणतेल केव्हा बदलावे, गाळणी केव्हा टाकावी, हे सर्व त्या मीटरवर अवलंबून असते. तो सुधारणे शक्य नसल्यास एक साधी वही ठेवावी. रोज किती तास काम झाले, किती डिझेल भरले, इंजिनात वरून किती तेल घातले, रेडिएटरमध्ये किती पाणी घातले, एवढी चार कलमे पुरेत. डॉक्टर रोग्याचा ताप लिहून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार आहे. मागच्या वर्षी दोन तेलबदलांच्या दरम्यान अर्धा लिटर तेल वरून लागत असे आणि यंदा दोन लिटर लागते, हे वहीवाचून कोणाच्या लक्षात येत नाही. आणि इंजिन उघडायची वेळ आली की नाही, हे ठरवायला याहून चांगला पुरावा नाही.

धुरावरून निदान

थकलेल्या इंजिनाची पहिली तक्रार धुराड्यातून बाहेर पडते. नांगर खोल लागला असता क्षणभर काळपट धूर येणे स्वाभाविक आहे. पण हलक्या कामातही काळा धूर येत राहिला, तर डिझेल पुरे जळत नाही असे समजावे. हवागाळणी तुंबली असेल, नोझल पिचकारीप्रमाणे धार सोडत असेल, किंवा औजार ट्रॅक्टरच्या ताकदीबाहेरचे असेल. तपासणी याच क्रमाने करावी, कारण पहिल्या तपासणीला काही खर्च येत नाही. पुष्कळ ठिकाणी गाळणी न पाहताच पंप उतरवून शहरात पाठवला जातो, आणि पंपाचे बिल दिल्यावरही धूर तसाच राहतो.

निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्हच्या नळ्या झिजल्याचे ते लक्षण आहे. इंजिन गरम असताना तेल भरण्याचे झाकण काढून पाहावे. आतून भकाभक वाफारा येत असेल तर जळलेला वायू रिंगांच्या बाजूने खाली उतरतो आहे. पांढरा धूर थंडीच्या दिवसांत सकाळी मिनिटभर आला तर काळजी नको. तो न जळलेल्या डिझेलचा असतो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर चालू राहिला आणि रेडिएटरचे पाणी रोज कमी होऊ लागले, तर हेडचे पॅकिंग गेले किंवा हेडला चीर पडली असा संशय धरावा व काम थांबवावे.

हवा: इंजिनाचा खरा घास

शेतकरी डिझेलच्या शुद्धतेविषयी जागरूक असतो. हवेविषयी क्वचितच असतो. वास्तविक एक लिटर डिझेल पुरे जळण्यास किमान दहा हजार लिटर हवा लागते. ताशी चार लिटर डिझेल पिणारा ट्रॅक्टर तासाला चाळीस हजार लिटरांहून अधिक हवा ओढून घेतो, आणि ही हवा तो कुठली घेतो? उन्हाळी नांगरटीत किंवा मळणीच्या वेळी स्वतःच्याच चाकांनी उडवलेल्या धुळीतली. या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते तेलात मिसळले म्हणजे धार लावण्याच्या मलमासारखे काम करतात आणि लायनर व रिंगा घासून काढतात. हजारो तास चालायचे इंजिन एका हंगामात म्हातारे करण्याचे सामर्थ्य या धुळीत आहे.

जुन्या ट्रॅक्टरांवर बहुधा तेलाची हवागाळणी असते. खालच्या वाटीत खुणेपर्यंत तेल असते, हवा त्यावर आपटून वळते आणि तिच्यातील धूळ तेलात बसते. उरलेली धूळ वरच्या तारेच्या जाळीत अडकते. धुळीच्या कामात ही वाटी रोज उघडून पाहावी. तळाशी बोटाच्या पेराएवढा चिखल साचेपर्यंत वाट पाहू नये. तेल दाट झाले की ते टाकून, वाटी डिझेलने धुऊन व पुसून, इंजिनाला वापरतात तेच नवे तेल खुणेपर्यंत भरावे. खुणेच्या वर भरू नये. जास्तीचे तेल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते, ते इंधनासारखे जळू लागते आणि इंजिन आवरेनासे होऊ शकते. इंजिनातून काढलेले जळके तेल या वाटीत घालण्याची काटकसर काही ठिकाणी दिसते. ती अजिबात करू नये. तारेची जाळीही अधूनमधून डिझेलमध्ये बुडवून धुवावी व पूर्ण निथळल्यावरच बसवावी.

कागदी गाळणी असल्यास ती दगडावर आपटू नये व पाण्याने धुऊ नये. आतल्या बाजूने हलक्या दाबाची हवा मारून धूळ झटकावी आणि कागद फाटला किंवा तेलकट झाला असेल तर नवी घालावी.

गाळणी कितीही स्वच्छ असली तरी तिच्यापुढची रबरी नळी चिरलेली असेल तर सर्व व्यर्थ आहे, कारण हवा सोप्या वाटेने जाते. जुन्या ट्रॅक्टरवर ही नळी उन्हाने कडक होते व क्लिपच्या कडेला तडकते. तिची परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवून गाळणीचे हवा घेण्याचे तोंड सपाट फळीने झाकावे. इंजिन गुदमरून बंद पडू लागले तर वाट घट्ट आहे. झाकूनही ते सुखाने चालत राहिले, तर हवा दुसरीकडून शिरत आहे आणि तिच्याबरोबर धूळही. नवी नळी व दोन क्लिपा यांस लागणारे पैसे आणि लायनर-पिस्टनच्या संचास लागणारे पैसे यांची तुलना ज्याची त्याने करावी.

वंगणतेल

तेलाची पट्टी सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागी असताना व इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहावी. डिझेल इंजिनातले तेल बदलल्यावर थोड्याच तासांत काळे होते. काळेपणा हा दोष नव्हे, धुराचा काजळ तेलाने उचलून धरल्याची ती खूण आहे. दोष ओळखायचा तो इतर गोष्टींवरून. तेल दुधट झाले तर पाणी मिसळले. चिमटीत धरून कणकण लागले तर धूळ शिरली. पट्टीवरची पातळी न भरता वाढू लागली, तर आनंद मानू नये. पंपातून डिझेल झिरपून तेलात उतरत असते, तेल पातळ होऊन बेअरिंगे उपाशी राहतात. अशा वेळी पट्टीला डिझेलचा वास येतो. इंजिन तत्काळ बंद करून कारण शोधावे.

पुस्तिकेत २५० तासांनी तेल बदलण्यास सांगितले असल्यास थकलेल्या इंजिनात ते १५० ते २०० तासांतच बदलणे हितावह होय, कारण झिजलेल्या रिंगांमुळे काजळ व डिझेल तेलात अधिक उतरते. तेल गरम असताना काढावे, म्हणजे गाळ त्याबरोबर निघून जातो, आणि गाळणी प्रत्येक वेळी नवी घालावी. नवे तेल घालून जुनी गाळणी ठेवणे म्हणजे अंघोळ करून तेच मळके धोतर नेसणे होय.

आवाज करणाऱ्या इंजिनात जाड तेल घालण्याची युक्ती सर्वत्र प्रचलित आहे. तिने खडखड कमी ऐकू येते व तेलाचा दाब काट्यावर थोडा वाढतो, हे खरे. परंतु सकाळच्या गारव्यात हेच जाड तेल वरच्या व्हॉल्व्हांपर्यंत उशिरा पोहोचते, आणि त्या काही क्षणांत सर्वांत अधिक झीज होते. हंगामाचे शेवटचे पंधरा दिवस निभावून नेण्यासाठी कोणी ही युक्ती केली तर समजता येईल. तो कायमचा उपाय नव्हे. तेलाच्या दाबाचा दिवा किंवा काटा मात्र चालू स्थितीत असलाच पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत दिवा विझला नाही तर इंजिन बंद करावे. दिवा सतत पेटतो म्हणून त्याची तारच काढून टाकलेले ट्रॅक्टर कमी नाहीत.

काढलेले तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. ते डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्या दुकानात द्यावे.

पाणी आणि उष्णता

विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे भरल्याने आत क्षारांचा थर बसतो. चहाच्या भांड्याला आतून बसतो तसाच हा थर असतो आणि तो उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पावसाचे पाणी स्वच्छ कापडातून गाळून कॅनमध्ये भरून ठेवल्यास त्याचा येथे चांगला उपयोग होतो. त्यात बाजारात मिळणारे शीतक द्रव योग्य प्रमाणात मिसळल्यास गंजही कमी होतो. बाहेरून रेडिएटरच्या जाळीत मळणीचा भुसा व गवताचे बी अडकते. ते पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला पाणी किंवा हवा मारून काढावे. पुढून मारल्यास कचरा आणखी आत ठासला जातो. पंख्याचा पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबला असता साधारण एक ते दीड सेंटीमीटर खाली जावा.

इंजिन तापते अशी तक्रार आली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात. तापण्याचे खरे कारण क्षार, तुंबलेली जाळी किंवा सैल पट्टा हे असते व ते तसेच राहते. उलट थर्मोस्टॅट नसल्याने इंजिन पुरेसे गरम होण्यास फार वेळ घेते, डिझेल अर्धवट जळते आणि सिलिंडर झिजतात. थर्मोस्टॅट चांगला आहे की नाही हे पाहण्यासाठी तो पाण्याच्या पातेल्यात टाकून पाणी तापवावे. पाणी उकळू लागेपर्यंत तो उघडला तर ठीक. न उघडला तर नवा घालावा.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेड तडकते. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते व झाकण सुटताच उसळून तोंड, छाती व हात भाजतात. इंजिन मंद चालवून, मग बंद करून, हात लावता येईल इतके थंड होईपर्यंत थांबावे.

डिझेल आणि पाइपातली हवा

संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतील बाष्प पाणी होऊन तळाशी बसते, आणि तेच पाणी सकाळी पंपात जाऊन त्याचे नाजूक भाग गंजवते. काचेची वाटी असल्यास तिच्यातील पाणी व गाळ सकाळी काढून टाकावा. डिझेल आणायचा कॅन पाण्याच्या किंवा औषधाच्या कॅनहून वेगळा असावा, हे सांगण्याची गरज नसावी. तरी सांगावे लागते.

टाकी पुरती रिकामी झाली किंवा गाळणी बदलली की पाइपात हवा शिरते आणि सेल्फ कितीही मारला तरी इंजिन धरत नाही. बॅटरी संपवण्याऐवजी हवा काढावी. टाकीत पुरेसे डिझेल घालून तोटी उघडावी. पहिल्या गाळणीवरील हवेचा स्क्रू सैल करून पंपाचा हातदांडा हलवत राहावे. प्रथम बुडबुड्यांचे फेसाळ डिझेल येते; अखंड धार येऊ लागली की दांडा हलवत असतानाच स्क्रू आवळावा. नंतर दुसरी गाळणी, नंतर पंपावरील स्क्रू, असा क्रम ठेवावा. एवढ्याने काम झाले नाही तर नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारावा. डिझेल आल्यावर ते आवळावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ही कृती प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याकडून एकदा हाताने करवून घ्यावी. हंगामात मिस्त्रीच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याचे निम्मे प्रसंग यानेच टळतात.

नोझल चांगले आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या फवाऱ्यापुढे हात धरू नये. डिझेल तेथे दर चौरस सेंटीमीटरला दोनशे किलोच्या घरातील दाबाने बाहेर पडते व कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, दुखतही नाही. पण हात गमावण्याची पाळी येते. असे घडल्यास वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

इतर भाग

क्लचच्या पायट्याला दोन-तीन सेंटीमीटर मोकळी चाल असावी आणि चालवताना त्यावर पाय टेकून ठेवू नये. पुढच्या आसाच्या पिनेला व चाकांच्या खुंट्यांना ग्रीस देताना जुने मळके ग्रीस बाहेर पडेपर्यंत द्यावे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. ट्रॅक्टरच्या खांद्यांची ती दर आठवड्याला व्हावी लागते. भातखाचरात चिखलणी करताना काही ट्रॅक्टरांच्या क्लचपेटीखालील भोकात बूच लावावे लागते. चिखलणी संपल्यावर ते आठवणीने काढावे, नाहीतर आत झिरपलेले तेल साचून क्लच घसरू लागतो.

चाकांविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. झिजलेल्या टायरांचा ट्रॅक्टर डिझेल पितो, पण त्याचा मोठा भाग जागच्या जागी चाक फिरवण्यात जातो. मागच्या चाकावर खडूची खूण करून, औत उचललेले असताना शेतात चाकाचे दहा फेरे मोजावेत व अंतर मोजावे. नंतर औत लावून पुन्हा दहा फेरे मोजावेत. पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर भरले, तर घसर शेकडा १५ झाली. एवढी घसर चालते. दुसरे अंतर ३० मीटर भरले, म्हणजे प्रत्येक चार लिटरांपैकी एक लिटर डिझेल मातीत गेले. अशा वेळी मागच्या चाकांत तीन-चतुर्थांशापर्यंत पाणी भरल्याने वजन वाढते. मध्यम ट्रॅक्टरच्या एका चाकात सुमारे दीडशे ते दोनशे लिटर पाणी मावते. शेतातील कामासाठी मागच्या चाकांत १२ ते १५ पौंड हवा पुरते. भरलेली ट्रॉली ओढताना ती पुस्तिकेप्रमाणे वाढवावी.

जिवाचा धोका

जुना ट्रॅक्टर पैसा खातो हे सर्वांना दिसते; तो माणसे खातो याकडे मात्र दुर्लक्ष होते. किल्लीचा स्विच बिघडला की जमिनीवर उभे राहून सेल्फच्या दोन टोकांवर पाना टेकवून इंजिन सुरू करण्याची पद्धत गावोगावी आहे. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो सुरू होताच पुढे सरकतो, आणि पाना धरणारा माणूस मागच्या चाकापुढेच उभा असतो. नवा स्विच फार महाग नसतो. तो बसवीपर्यंत ट्रॅक्टर वापरू नये, असा स्पष्ट सल्ला कार्यकर्त्याने द्यावा.

पी.टी.ओ.चा दांडा मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. धोतराचा सोगा, उपरणे किंवा मळणीवर काम करणाऱ्या बाईचा पदर त्यात अडकला तर हात मागे घ्यायला अवधी मिळत नाही. दांड्यावरचे कवच तुटले असल्यास ते नवे आणावे, आणि दांडा फिरत असता त्याला कोणी ओलांडू नये.

जड ओंडका किंवा फसलेली गाडी ओढताना साखळी खालच्या दांड्यालाच बांधावी. वरच्या जोडपट्टीला किंवा आसाला बांधली तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि चालकास उडी मारायलाही वेळ मिळत नाही. रस्त्यावर जाताना दोन्ही ब्रेकचे पायटे कडीने जोडावेत. एकच पायटा दाबला गेला तर भरलेल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर एका बाजूला वळून उलटतो. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्यावाचून चालतात, हे महाराष्ट्रातील अनेक कारखान्यांच्या वाटांवर पाहावयास मिळते. लाल परावर्तक पट्ट्यांचे मोल किरकोळ आहे. औत उचललेले असताना त्याखाली हात किंवा डोके घालू नये. जुन्या लिफ्टवर तर मुळीच विसंबू नये.

सुटे भाग व मोठी दुरुस्ती

सुटा भाग आणताना ट्रॅक्टरच्या पाटीवरील इंजिन क्रमांक व चासी क्रमांक लिहून न्यावा आणि काढलेला जुना भाग बरोबर न्यावा. बेअरिंगे व तेलाचे सील यांवर आकाराचे क्रमांक कोरलेले असतात. ते जुळल्यास भाग कोणत्याही चांगल्या कंपनीचा चालतो. ज्यांच्याकडे एच.एम.टी.चे ट्रॅक्टर आहेत त्यांना हे विशेष उपयोगी आहे, कारण केंद्र सरकारने २०१६ साली त्या कारखान्याचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. लायनर, पिस्टन, नोझल व पंपाचे भाग मात्र स्वस्त नक्कल घेऊन बसवू नयेत. तेथे वाचवलेले पैसे वर्षभरात दुप्पट होऊन परत जातात.

इंजिन बांधावे की ट्रॅक्टर विकावा, याचा निर्णय वहीवरून घ्यावा. समजा, ट्रॅक्टर वर्षाला ४०० तास चालतो आणि झिजेमुळे ताशी अर्धा लिटर डिझेल जास्त जाते. म्हणजे वर्षाला २०० लिटर डिझेल वाया जाते. त्यात वरून घातलेले तेल, हंगामात बुडालेले दिवस आणि त्या दिवसांचे भाड्याचे ट्रॅक्टर मिळवावेत. ही बेरीज दोन-तीन वर्षांत दुरुस्तीच्या खर्चाएवढी होत असेल, तर इंजिन बांधणे फायद्याचे होय. परंतु क्रँक यापूर्वीच तीनदा घासलेला असेल, ब्लॉकला चीर असेल किंवा गिअरपेटीचे कवच जोडून घेतलेले असेल, तर इंजिनावर पैसे घालू नयेत. रंग दिलेला जुना ट्रॅक्टर बाजारात विकत घेणाऱ्यानेही याच गोष्टी पाहाव्यात, आणि तेलाचे झाकण उघडून वाफारा पाहिल्यावाचून विसार देऊ नये. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते व ते पाच वर्षांसाठी मिळते. विकत घेण्यापूर्वी ती तारीखही पुस्तकात पाहावी.

बांधून आलेले इंजिन पहिले ५० तास हलक्या कामावर चालवावे. खोल नांगरट, रोटाव्हेटर व भरलेली ट्रॉली त्यास लावू नये. तसेच त्याला तासन्‌तास मंद गतीवर उभेही ठेवू नये, कारण तसे केल्यास रिंगा नीट बसत नाहीत. ५० तास झाल्यावर तेल व गाळणी बदलावी, मिस्त्रीला बोलावून हेडचे नट पुस्तिकेतील मापाने पुन्हा आवळून घ्यावेत व व्हॉल्व्हचे अंतर तपासून घ्यावे.